खापरीवरचा फिलोन

एका ग्रीक नगरात नकोशा झालेल्या माणसाचं नाव लोक खापरीवर लिहायचे. ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त, तो दहा वर्षं हद्दपार. एका साली सगळ्या खापऱ्यांवर 'फिलोन' निघालं. नगरात फिलोन दोनच. एक बढाईखोर सेनापती, दुसरा साधा कुंभार.

सेनापती म्हणाला, "नुसतं फिलोन म्हटलं की लोकांना हा कुंभारच आठवतो. हाकला याला."

"जातो की," कुंभार म्हणाला. "टेकडीवरच्या हवेलीतून तेवढं सामान काढतो."

"अरे, ती हवेली माझी आहे."

"दारावर तर नुसतं फिलोन लिहिलंय, सेनापती."

हवेली हातची जाऊ नये म्हणून सेनापतीनं खापऱ्या आपल्याच नावाच्या असल्याचं कबूल केलं. हवेली त्याचीच राहिली. फक्त पुढची दहा वर्षं त्याला तिथे राहता आलं नाही.