पुंडलिकने धुतलेला स्पंज

निंबोडी गावात पुंडलिक बिडवे नावाचा एक केशकर्तनकार होता. त्याच्याइतका स्वच्छ माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हता, आणि ही गोष्ट बिघडली ती नेमकी त्यामुळेच.

एका गिऱ्हाइकाचा कंगवा दुसऱ्याच्या डोक्याला लागायच्या आत तो जंतुनाशकात बुडायचा. कात्र्या तो रोज उकळायचा. टॉवेल इतके पांढरे असायचे की मळलेल्या मानेच्या माणसाला खुर्चीत बसायची लाज वाटावी. लोक म्हणायचे, "पुंडलिकच्या हाताला घाण लागूच शकत नाही." हे ऐकून ऐकून पुंडलिकला स्वतःलाही तसंच वाटायला लागलं होतं.

समोर केस कापायचं नवीन दुकान झालं. त्यात भिंतीएवढा टीव्ही. पुंडलिकच्या बाकावर पेपर वाचत नंबरची वाट बघणारी माणसं एकेक करून पलीकडे जाऊन बसू लागली. आपल्याही दुकानात बघण्यासारखं काहीतरी हवं, असं पुंडलिकला वाटलं आणि त्याला सुलभाबाईंचे मासे आठवले.

सुलभाबाई त्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. आता निवृत्त झालेल्या आणि भाड्याचं घर सोडून इंदूरला लेकीकडे निघालेल्या. त्यांच्याकडे चार सोनेरी मासे होते. त्यातली शेपटी फाटलेली मासळी नऊ वर्षांची होती. तिला त्या म्हातारी म्हणत. प्रवासात मासे टिकले नसते, म्हणून बाईंना त्यांच्यासाठी घर हवं होतं. मासे राहत होते ती टाकी उचलायला चार माणसं लागली असती, पण माळ्यावर एक जुनी लहान टाकी पडून होती. बाईंनी ती पुंडलिकला दिली.

"टाकी आज ने," बाई म्हणाल्या. "मासे पाणी तयार झाल्यावर देईन."

"पाणी काय, आजच भरतो की."

"भरलेलं पाणी वेगळं आणि तयार झालेलं वेगळं. तुझी घाई शाळेत होती तेवढीच आहे अजून."

आणि बाईंनी त्याला एक डबा दिला. त्यात त्यांच्या चालू टाकीतलं पाणी होतं आणि तपकिरी, बुळबुळीत, कुबट वासाचा स्पंजचा तुकडा होता. बाईंनी बजावलं, "हा गाळणीच्या डबीत घालायचा आणि पंप चालू ठेवायचा. मासे घाण करतात, त्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते विष खाणारे जीव या स्पंजात आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत, पण आहेत. त्यांना पोसायला रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. पाणी गढूळ झालं तरी बदलायचं नाही. तीन आठवडे थांबायचं. आणि काहीही झालं तरी हा स्पंज धुवायचा नाही. काय नाही करायचं?"

"धुवायचा नाही," पुंडलिक म्हणाला.

आता सांगतो, जे डोळ्यांना दिसतं ते सगळं पुंडलिकने फार छान केलं. सोमवारी दुकान बंद असतं, तो अख्खा दिवस त्याने टाकीवर घालवला. काचेवरचे क्षारांचे पांढरे डाग लिंबाने घासून काढले. अंगणात पाणी भरून बघितलं तर एका कोपऱ्यातून थेंब थेंब गळत होतं. त्याने तिथलं जुनं सिलिकॉन नव्या ब्लेडने असं खरवडलं की काचेवर ओरखडा नाही. नवं भरलं आणि चार दिवस सुकू दिलं. दुकानात टाकी ठेवायच्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा सारून ते सरळ केलं. वाळू सात पाण्यांनी धुतली. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडावं म्हणून ते दिवसभर उघडं ठेवून मग टाकीत ओतलं. तोपर्यंत स्पंज बाईंच्याच टाकीत ठेवून आला होता, तोही पाचव्या दिवशी जाऊन परत आणला. इथपर्यंत त्याला नावं ठेवायला जागा नाही.

मग त्याने दुकानात डब्याचं झाकण उघडलं.

खुर्चीत अर्धी दाढी झालेले दत्तोपंत तलाठी बसले होते. त्यांनी नाकाला टॉवेल लावला. "पुंडलिकराव, गटार उपसून आणलं की काय? तुमच्या दुकानात ही घाण?"

एवढं एकच वाक्य. पण पुंडलिकच्या कानाची पाळी लाल झाली. तो डबा घेऊन मोरीत गेला. त्याने स्पंज आधी गरम पाण्याने धुतला, मग साबणाने, मग कंगव्यांच्या जंतुनाशकात बुडवून ठेवला आणि शेवटी दहा वेळा स्वच्छ पाण्यात पिळला. तुकडा इतका पांढराशुभ्र झाला की दत्तोपंतांनी मान डोलावली, आणि तुकडा गाळणीच्या डबीत गेला. अरे, काय सांगितलं होतं? एकच गोष्ट करू नकोस म्हणून सांगितलं होतं ना?

आणि तरीही इथे काही बिघडलेलं नव्हतं. तसंच जाऊन बाईंना सांगायचं, "बाई, धुतला हो." बाई चार शब्द बोलल्या असत्या आणि दुसरा तुकडा कापून दिला असता. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. पण स्वच्छतेत चूक झाली हे पुंडलिक बिडव्याने कसं सांगायचं? तो गेला नाही.

मग सुरू झालं ते विचारणं. आत येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढायच्या आधी म्हणायचा, "मासे कुठं आहेत?" पुंडलिक सांगायचा की पाणी तयार होतंय. त्यावर पुढचा प्रश्न, "पाणी काय शिजवताय का?" सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. रिकाम्या पाण्यात खाद्य टाकताना बघून तर बाकावरची माणसं पोट धरधरून हसायची. चार दिवसांत पुंडलिकने खाद्य टाकणं बंद केलं. पाणी जरा गढूळ दिसलं की तो ते बदलून टाकायचा. काच सकाळ-संध्याकाळ पुसायचा. विसाव्या दिवशी टाकी आरशासारखी लखलखत होती आणि तिच्यात जिवंत असं काहीही नव्हतं.

एकविसाव्या दिवशी सुलभाबाई झाकणाच्या बादलीतून मासे घेऊन आल्या. बाक भरलेला होता. बाईंनी टाकीपाशी वाकून पाहिलं. काच फारच स्वच्छ होती, दगडावर शेवाळाचा ठिपकासुद्धा नव्हता. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पुंडलिक, सगळं मी सांगितलं तसंच केलंस ना?"

बाकावर सात माणसं होती. दत्तोपंतही होते. पुंडलिकच्या तोंडातून 'नाही' हा एकच शब्द बाहेर पडायला हवा होता.

"हो बाई," तो म्हणाला.

बाईंनी गाळणीची काळी डबी उघडून बघितली नाही. आपल्या विद्यार्थ्याची डबी काय उघडायची? त्यांनी मासे पाण्यात सोडले, म्हातारीला सगळ्यात शेवटी. माणसांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या दुकानातले दोघे तर साबण लावलेल्या तोंडाने बघायला आले.

तीन दिवस बाकावर जागा मिळेना. चौथ्या दिवशी सकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते. त्यांचे कल्ले लाल झाले होते. पुंडलिकला कारण शोधावं लागलं नाही, ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाई अजून गावातच होत्या, त्यांची गाडी रविवारची होती. आणि या माणसाने काय करावं? त्याने टाकीवर पांढरा टॉवेल टाकला. कोणी विचारलं की सांगायचा, "आराम करतायत." दिवसभर केस कापले आणि दिवसभर आराम करतायत म्हणाला. मला तर वाटतं त्याच्या हातातली कात्री घेऊन टेबलावर आपटावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवेल काढला तर तीन मासे उलटे तरंगत होते. म्हातारी तळाला एका कुशीवर पडली होती आणि तिचं तोंड हळूहळू उघडत-मिटत होतं.

तेव्हा मात्र पुंडलिकने दुकानाचं दार ओढून घ्यायलाही वेळ लावला नाही. म्हातारीला बादलीत घेतलं आणि दोन गल्ल्या धावत गेला. बाईंच्या घरात सामान बांधलेलं होतं, पण मोठी टाकी चालू होती. ती शेवटच्या दिवशी रिकामी करायची होती. बाईंनी काही न विचारता म्हातारीला त्या पाण्यात सोडलं आणि पदराने हात पुसले.

"बाई, मी स्पंज धुतला होता," पुंडलिक म्हणाला. "पहिल्याच दिवशी. जंतुनाशकात."

बाई म्हातारीकडे बघतच बोलल्या.

"कात्री तू उकळतोस ती तिच्यावर काही जिवंत राहू नये म्हणून. ते बरोबरच आहे. इथं काहीतरी जिवंत राहायला हवं होतं." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "धुतलास त्याचं मला काही नाही रे. हाताची सवय आहे, चुकलास. पण सांगायला दोन गल्ल्या चालून यायचं होतं. ते तीन मासे मेल्यावर आलास."

पुंडलिकला रडू आलं. बाईंनी त्याला रडू दिलं. मग फोन काढून लेकीला सांगितलं की मी तीन आठवडे उशिरा येते, माझ्या एका विद्यार्थ्याची परीक्षा परत घ्यायची आहे.

त्या दिवशी पुंडलिक स्पंजाचा दुसरा तुकडा घेऊन गेला. तो तसाच डबीत घातला, वासासकट. आणि टाकीच्या काचेवर त्याने मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवला:

"मासे नाहीत. चार होते. जो स्पंज धुवायचा नव्हता तो मी धुतला आणि बाईंपासून लपवलं. त्यात तीन मेले. पाणी तयार होत आहे. पुंडलिक बिडवे."

आत येणारा माणूस विचारायला तोंड उघडायचा, कागद वाचायचा आणि गुपचूप बाकावर बसायचा. दत्तोपंतांनी तो दोनदा वाचला. "हे असं लिहून कशाला लावायचं, पुंडलिकराव? लोक काय म्हणतील?"

"एकाला सांगायची लाज वाटली होती," पुंडलिक म्हणाला. "आता सगळ्यांना सांगतोय. मान खाली घ्या, मागचे केस राहिलेत."

तीन आठवड्यांनी काचेवर तपकिरी साय धरली होती आणि पाण्याला ओल्या मातीसारखा वास येत होता. बाईंनी या वेळी काळी डबी उघडून बघितली, मग म्हातारीला सोडलं आणि रविवारच्या गाडीने इंदूरला गेल्या. पुंडलिकने पेन घेऊन कागदावरचे पहिले दोन शब्द आणि पाण्याबद्दलचं वाक्य खोडलं. बाकीचा कागद तिथेच आहे, आणि शेपटी फाटलेली म्हातारी त्याच्यामागून फिरत असते.

तात्पर्य: चूक झाली तर त्याच दिवशी जाऊन सांगावी; लाज घटकाभर वाटते, पण चूक झाकली तर तिची किंमत बहुतेक वेळा आपल्याला नव्हे, आपल्यावर विसंबलेल्या जिवाला मोजावी लागते.