मोर आज काय जेवला?

फार मागची गोष्ट. बाभळीच्या माळावर कोल्ह्याचा नाचाचा फड होता. मोर नाचायचा, सुतारपक्षी चोचीने ताल धरायचा आणि बघायला येणारे बोरं आणायचे. मोर काय जेवला, कुणावर रुसला, हे साळुंकी झाडोझाडी सांगत फिरायची. त्यावर कोल्हा तिला दोन बोरं टाकायचा.

एके दिवशी सुतारपक्षी थांबला. "बोरं सगळी कोल्ह्याच्या बिळात जातात. वाटा ठरेपर्यंत ताल नाही." मोरानेही पिसारा मिटला आणि तो त्याच्याशेजारी जाऊन बसला.

आता साळुंकीने सांगायचं तरी काय? पानाच्या सळसळीलाही दचकणारी ती, उपाशीपोटी कोल्ह्याकडे गेली.

"सांग, मोराचं न् सुताराचं जुंपलंय," कोल्हा म्हणाला. "बघायला गर्दी लोटेल."

तिने भीतभीतच सांगितलं. सगळा माळ धावला. पाहतात तर दोघं एका फांदीखाली गप्प बसलेले.

"साळुंकीबाई, भांडण कुठाय?" सशाने विचारलं.

"हिच्या तोंडाला काही धरबंध आहे का?" कोल्हा चटकन म्हणाला.

साळुंकी उडून जायला निघाली. सुतारपक्षी जरासा सरकला. "ये, बस. तुझा वाटा तरी कुठं ठरलाय?"

ती अंग चोरून बसली.

सशाला सवयच होती. जाता जाता त्याने विचारलंच, "बाई, मोर आज काय जेवला?"

तिने कोल्ह्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "काही नाही. सुतारही नाही, मीही नाही."

ससा थबकला. मागे वळून म्हणाला, "आणि कोल्हा?"