उन्हाळ्यात बांधलेली वाट

नदी आधी होती आणि बांध नंतर आला, एवढं ध्यानात ठेवा बाळांनो. कारण या गोष्टीतले सगळे शहाणे नेमकं तेवढंच विसरले.

डोंगरातून उतरणाऱ्या त्या नदीत एक खडस राहायची. खडस म्हणजे पिंपळपानाएवढ्या सोनेरी खवल्यांचा मोठा मासा. वर्षभर ती खालच्या डोहात सुखाने असे. पण पावसाळ्यात नदीला लोंढा आला की तिचं पोट अंड्यांनी भरून येई आणि तिचा पाय काही डोहात ठरत नसे. माशाला कुठला आलाय पाय, म्हणाल. पण बोलायची रीत असते. मग ती आणि तिच्या जातीचे पन्नास-साठ मासे प्रवाहाच्या उलट निघत आणि खडकांवरून उड्या घेत पार उगमाजवळच्या उथळ पाण्यात पोचत. तिथे गोल गोट्यांच्या फटींतून स्वच्छ पाणी खळाळत असे. खडशीची अंडी जगतात ती तिथेच. डोहाच्या चिखलात ती गुदमरून मरतात. माशांच्या या प्रवासाला 'चढण' म्हणतात, आणि ती जेमतेम आठ-दहा दिवस चालते. खडस त्याच गोट्यांत जन्मली होती, तिची आई आणि आजीसुद्धा.

एका वर्षी उन्हाळा फार कडक पडला. गव्याची दोन वासरं पाण्यावाचून तडफडून मेली. गवा त्या रानाचा मुखिया. त्याने मनावर घेतलं आणि डोहाच्या वरच्या अंगाला नदीवर बांध घालायला काढला. गव्यांनी शिंगांनी दगड ढकलले, वानरांनी ओंडके ओढून आणले, रानडुकरांनी चिखल लिंपला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. पण चांगल्या हेतूने घातलेल्या धोंड्यावर डोकं आपटलं तरी खोक पडायची ती पडतेच.

पावसाळा आला. खडस भरल्या पोटाने निघाली आणि बांधापाशी अडली. तिने उडी मारली, खाली पडली. पुन्हा मारली, पुन्हा पडली. तिने हाका मारल्या, पण ऐकायला होतं कोण? त्या रानाची रीत अशी, की पंचायत बसायची ती उन्हाळ्यात, जेव्हा सगळ्यांना एकच पाणवठा उरतो तेव्हा. पावसाळ्यात ज्याच्या त्याच्या दारात ओढा वाहतो, मग नदीवर कोण कशाला फिरकतंय! नवव्या दिवशी खडशीने आपली अंडी चिखलात टाकली आणि तिकडे पाठ फिरवली.

उन्हाळ्यात पंचायत बसली, तेव्हा ती काठाशी आली. म्हणाली, "गवेदादा, तुमचा बांध आमच्या वाटेत आलाय. चढायला जागा द्या."

"अगं, बांधाच्या झिरपत्या पाण्याने तुझा डोह आता उन्हाळ्यातही भरलेला राहतो की!" गवा म्हणाला. "आणखी काय हवं?"

"डोह नको दादा, वाट हवी. पोटात अंडी असतात हो आमच्या."

वानर फांदीवरून वाकून बघू लागला. "कुठायत अंडी? पोट तर पाठीला लागलंय हिचं!"

"आत्ता नसतातच. पावसात असतात."

"मग पावसात बोलायचं!"

"पावसात तुम्ही कुणी नसता," खडस म्हणाली. त्यावर पंचायत पोट धरधरून हसली.

गवा मात्र मनाचा वाईट नव्हता. त्याने वानराला सांगितलं, "तू चढण्यातला जाणता. हिला पायऱ्या करून दे." वानराने बांधाच्या एका टोकाला, जांभळीखालची जागा निवडली. तिथे गार सावली, मऊ माती, संथ पाणी. खडस लगबगीने काठाशी आली. ती म्हणाली, "वानरराव, इथे नको. पलीकडे करा, कातळाच्या बाजूला. पाणी धावतं तिथे. जिथून पाणी अंगावर येतं तिकडेच आमची जात जाते. संथ पाण्यात आम्हाला वाट दिसतच नाही."

वानराने कातळाकडे पाहिलं. उन्हाळ्यातला कातळ तो, ठणठणीत कोरडा. "कुठे धावतंय पाणी? मला तर थेंब दिसत नाही," तो म्हणाला. "आणि उन्हात तापून मरायचंय का मला? बाई गं, चढायला आम्हाला शिकवू नकोस." पायऱ्या जांभळीखालीच झाल्या. दिसायला मात्र देखण्या झाल्या, खोटं कशाला बोलू! वानराने त्यांना पळसाची फुलं वाहिली. माशांना त्रास होऊ नये म्हणून राखणीला कुणीतरी हवं, असं ठरलं, तेव्हा बगळा मान खाली घालून पुढे आला. म्हणाला, "माझं काय, मी तासन् तास एका पायावर उभा राहतो. सेवाच करायची."

पुन्हा पावसाळा आला. पाणी कातळाच्या बाजूने गर्जत धावलं आणि झाडून सगळे मासे तिकडे गेले. "अरे, वाट इकडे आहे!" असं खडस ओरडत राहिली, पण रक्तात भिनलेली ओढ हाकेने थोडीच फिरते? ती एकटी जांभळीखाली गेली. पायऱ्यांवर पाणी होतं बगळ्याच्या घोट्याएवढं. दुसऱ्या पायरीवर तिचं पोट दगडाला घासून अडकलं. राखणदाराने दोन चोची मारून तिचे पाच खवले उपटले, तेव्हा कशीबशी घसरत ती माघारी आली. पायऱ्यांशी भरकटलेल्या दुसऱ्या जातीच्या दोन-चार लहान मासोळ्या तर बगळ्याने अख्ख्याच गिळल्या. कुंपणच शेत खाऊ लागलं, तर दाद मागायची कुणाकडे?

उन्हाळ्यात बगळ्याने साक्ष दिली, "सारा पावसाळा उभा होतो. पायऱ्या चढून एकही मासा वर गेला नाही." आणि मौज बघा बाळांनो, यात एक अक्षर खोटं नव्हतं! खडस जीव तोडून सांगत होती, अंगावरची जखम दाखवत होती. गव्याने सुस्कारा सोडला. "आम्ही पायऱ्या दिल्या, राखणदार दिला. आता माशांनाच चढायचं नाही, त्याला आम्ही काय करणार?" म्हणाला. झालं! विषय मिटला. पुढची सहा वर्षं खडस दर उन्हाळ्यात काठाशी येत राहिली आणि "आली रडगाणं घेऊन," असं म्हणून जो तो तोंड फिरवत राहिला. दर पावसाळ्यात मासे कातळाशी डोकी फोडून घेत. दर पावसाळ्यात अंडी चिखलात जात. पन्नासाचे वीस झाले, विसाचे पाच झाले, आणि मग ती एकटी उरली. बगळा तेवढा चांगला गुबगुबीत झाला.

सातव्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली. गव्याचं नवं वासरू चरता चरता नदीपलीकडे गेलं आणि अचानक पूर आला. अलीकडे बाप, पलीकडे लेकरू, मधे फेसाळतं पाणी. चार दिवस गवा त्या काठावर हंबरत उभा होता. जायला वाट नसणं म्हणजे काय, ते त्याला जन्मात पहिल्यांदा कळलं. आणि तिथेच, कातळाच्या बाजूला, त्याला ती म्हातारी खडस दिसली. ती उडी मारत होती, बांधावर आपटत होती, पडत होती, पुन्हा उडी मारत होती. चार दिवसांत तिने ते किती वेळा केलं, याची मोजदाद त्याला ठेवता आली नाही. पूर ओसरला, त्याचं वासरू त्याला मिळालं. पण त्याची मान वर होईना.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गव्याने कुणाला विचारलं नाही. कातळाच्या बाजूचा बांध त्याने स्वतःच्या शिंगांनी फोडला आणि तिथे खडशीने सांगितला तसा दगडांचा लांब, खोलगट उतार रचला. बगळ्याला त्याने हाकलून दिलं. पाऊस लागताच सगळं रान पहिल्यांदाच नदीवर जमलं. पाणी उतारावरून धावत आलं. खडशीने अंग ताणलं आणि एका दमात ती वर गेली. "चढली! चढली!" असं म्हणत वानराने कोलांट्या मारल्या. "बघा, आमच्या पायऱ्यांचं चीज झालं," असंही तो म्हणाला. गव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुढच्या वर्षी नदी पिल्लांनी भरेल," तो म्हणाला.

खडस तीन दिवस चढत राहिली. उगमाजवळ गोटे होते तसेच होते, पाणी तसंच खळाळत होतं. तिथला म्हातारा खेकडा बिळातून बाहेर आला आणि तिला ओळखून हरखला.

"अगं, किती वर्षांनी! आणि बाकीचे?"

"बाकीचे बांधापायी गेले."

"असू दे, तू तर आलीस. अंडी कुठे घालतेस? त्या गोट्यांपाशी जागा चांगली आहे बघ."

"माझ्या पोटात अंडी धरायची तीन वर्षांपूर्वीच थांबली रे," खडस म्हणाली. "मी नुसती जागा बघायला आले."

तात्पर्य : ज्याची वाट अडवली त्याचं ऐकायचं ते त्याच्या गरजेच्या दिवसांत, आपल्या सवडीच्या दिवसांत नव्हे; वेळ टळल्यावर मोकळ्या केलेल्या वाटेने समाधान होतं ते फक्त ती देणाऱ्याचं.