बुजगावणे झालेला राजा आणि त्याची हिरवळ

एका राज्यात राजवाड्यापुढे हरळीची मोठी हिरवळ होती, आणि तिच्यावर पाऊल टाकायची कोणालाही मुभा नव्हती. एकदा एक दमलेला म्हातारा तिथे टेकला. राजा वज्रकेतू गच्चीतून गरजला, "उठवा त्याला!"

म्हातारा उठला. तो जादूगार होता. त्याने चिमूटभर गवत तळहातावर घेऊन फुंकले, आणि राजा हिरवळीच्या मधोमध बुजगावणे होऊन उभा राहिला. अंग पेंढ्याचे, हात बांबूचे, डोके मडक्याचे.

राणी मृगावती धावत आली. "बाबा, उःशाप द्या."

"तीन कामे कर," म्हातारा म्हणाला. "पावसाळ्यात या हिरवळीत माजणारे तण, तो लव्हाळा, नाहीसा कर. हिवाळ्यात तिला श्वास घेऊ दे. उन्हाळ्यात तिच्यावर माणसे बसव. एक काम जरी चुकले, तर तुझा नवरा जन्मभर पाखरे हाकत राहील."

एवढे बोलून तो गुप्त झाला. पाखरे मात्र राजाला भीत नव्हतीच. एका साळुंकीने त्याच दिवशी मडक्याच्या भोकात काड्या नेल्या.

राज्यकारभारात काडीचाही फरक पडला नाही. तिथली रीतच तशी होती. हुकूम काढण्यापूर्वी प्रधानाने राजाला तीनदा विचारायचे. तिन्ही वेळा राजा गप्प राहिला, की ती संमती. प्रधान दंडपाणी रोज बुजगावण्यापुढे हात जोडी. "महाराज, माझ्या मेहुण्याला कोतवाल करू? करू? करू?" नगारा वाजे आणि मेहुणा कोतवाल होई. "इतके समंजस महाराज या गादीला कधी लाभले नव्हते," असे तो डोळे पुसत सांगे. डोळे कोरडे असत.

पावसाळा लागला. दंडपाणीने हिरवळीवरच मांडव घालून लव्हाळा-संहाराचा सोहळा केला. हत्ती आले, भाषणे झाली, सैनिकांनी तलवारीने लव्हाळ्याचे शेंडे उडवले. आठवड्याभरात तो दुपटीने उगवला.

"हे तर जावळ काढणे झाले," मडक्यातून साळुंकी म्हणाली. "गाठी खाली आहेत."

मृगावतीने पदर खोचला, खुरपे घेतले आणि चिखलात बसली. एकेक गाठ उकरून काढताना तिला नवऱ्याचा राग येई, मग वर मडक्याकडे पाहून दया येई, मग पुन्हा राग. पाऊस सरला तेव्हा हिरवळीत नुसती हरळी उरली होती.

हिवाळा आला. हिरवळीला श्वास हवा, म्हणून प्रधानाने दासी बसवून तिला चवऱ्यांनी वारा घालायला लावला.

"राणीसाहेब, केवढी गार हवा!"

"ही हवा नुसती वरवरची आहे, प्रधानजी. तुमच्या हत्तींनी आणि मान्यवरांनी जमीन तुडवून दगड केली आहे. तिचा गळा खाली आवळलाय."

राणीने अख्खे सैन्य बोलावले. भाले उलटे धरून सैनिक ओळीने चालत गेले, टोके जमिनीत खुपसत, काढत. त्या राज्यात भाल्यांचा एवढा उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता. भोकांवर तिने चाळलेले शेणखत पसरले. प्रधानाने नाक दाबले. त्या संध्याकाळी हिरवळीने एवढा मोठा उसासा टाकला, की वाड्याच्या खिडक्या वाजल्या.

उन्हाळा आला. मुळांना सावली मिळावी म्हणून राणीने गवत थोडे वाढू दिले आणि पहाटे पाणी घातले. मग दवंडी पिटली, "या, बसा!"

प्रजा आली आणि कडेला उभी राहिली. पिढ्यान्पिढ्यांची भीती ती. तेवढ्यात प्रधान जाजमांच्या गाड्या घेऊन आला.

"प्रतिष्ठित मंडळी गवतावर बसणार? छे! आधी जाजम."

"या उन्हात जाजमाखाली गवत उकडून मरेल. मग यांचे काय?" राणीने मडक्याकडे बोट दाखवले.

"त्यांनाच विचारतो ना," प्रधान हसला. "महाराज, जाजम अंथरू?"

शांतता. नगारेवाल्याने टिपरी उचलली.

"बसा हो कोणीतरी!" राणी कळवळून म्हणाली.

हौसा गवळण पुढे आली. "बसू, पण मग आम्हाला उठवणार कोण?"

"उठवणारा तो काय, मडके घालून उभा आहे."

"महाराज, जाजम अंथरू?" प्रधानाने दुसऱ्यांदा विचारले.

"मग बसते बाई. गुडघे केव्हाचे ओरडताहेत." हौसाने ताकाची घागर टेकवली आणि ऐसपैस मांडी घातली. तिच्यामागे सारी प्रजा बसली. एक पातेही मोडले नाही.

"महाराज, जाजम अंथरू?"

"नाही."

नगारेवाल्याची टिपरी हातातून गळाली. मडके फुटले, पेंढा उडाला, आणि वज्रकेतू डोक्यावर घरटे घेऊन उभा राहिला.

"हलू नका," साळुंकी म्हणाली. "पिल्ले आहेत."

राजा हलला नाही. "वर्षभर आतून ओरडत होतो, मृगावती. नाही, नाही, नाही! कोणाला ऐकूच जात नव्हते."

"गच्चीतून त्या दिवशी एवढेच हळू बोलला असतात, तर?" राणी म्हणाली, आणि तिला रडू फुटले.

त्या दिवसापासून राज्यात राजाची शांतता म्हणजे नकार ठरला. मेहुणा घरी गेला. दंडपाणीच्या हाती खुरपे आले, आणि लव्हाळ्याची गाठ त्याला तीनदा विचारूनही सुटेना. हौसाजवळ एक म्हातारा ताक पीत बसला होता. त्याला कोणी उठवले नाही.

वर्षभर कोंडलेली राजाची बडबड सरली, पिल्ले उडून गेली, हिरवळ तेवढी राहिली. ज्याला दम लागला असेल, त्याने तिथे खुशाल टेकावे.