पाणाड्याची खुंटी

एकदा दाजीबा नावाच्या एका वृद्ध पाणाड्याकडे मोठा हुशार शिष्य शिकायला आला. पाणाड्या म्हणजे जमीन पाहून पाणी कुठे लागेल ते सांगणारा माणूस. या दाजीबांनी उभ्या आयुष्यात विहीर खणायला कुदळ हाती धरली नव्हती. वारुळं, उंबराची झाडं, खडकाचा रंग पाहत ते रानातून फिरत, योग्य जागी लाकडाची एक खुंटी ठोकत आणि घरी जात. पुढचं काम खणणाऱ्या यंत्राचं.

शिष्याचं नाव अंकुश. भूगर्भशास्त्राची पदवी घेतलेला. पण पुस्तकात नसलेलं दाजीबांना कसं कळतं, हे जाणून घ्यायला दर रविवारी यायचा. शोधण्याची हौस त्याच्या अंगातच होती. घरी तो एक वेबसाइट चालवत असे. टीव्हीवरची कोणती मालिका इंटरनेटवर कुणी कुठे चोरून टाकली आहे, त्याची लिंक तिथे हमखास मिळे. हजारो लोक रोज येत, फुकटात मालिका पाहत आणि 'दादा, तुमच्यामुळे बघायला मिळालं' असं लिहून जात. अंकुशची छाती फुगायची. एकदा एका मालिकेच्या लेखिकेने त्याला कळवलं होतं, 'प्रेक्षक तुमच्याकडे वळले. मालिका बंद पडली, साठ माणसं घरी बसली.' त्याने तिला बेफिकीर उत्तर धाडलं होतं, 'ताई, माझ्याकडे एकही भाग नाही. मी फक्त पत्ता सांगतो.'

त्या आठवड्यात न्यायालयाच्या आदेशाने अशा चौदा वेबसाइट एका झटक्यात बंद झाल्या. त्यात त्याचीही होती. रविवारी तो आला तो धुमसतच.

"चोर राहिले बाजूला आणि पत्ता सांगणाऱ्याला धरलं! बाबा, हा कुठला न्याय? साइटवरचा माझा जोडीदार मकरंद म्हणतोय, नवीन नाव घेऊ, संध्याकाळपर्यंत पुन्हा चालू. फक्त माझ्या होकाराचा अवकाश आहे."

दाजीबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवी खांद्याला अडकवली. "चल, काम आहे," एवढंच म्हणाले.

काम एका व्यापाऱ्याचं होतं. त्याने नवीन रान घेतलं होतं. वरच्या बाजूला बांधापलीकडे धुरपदाबाईंचा पानमळा होता, एका जुन्या विहिरीवर बारमाही हिरवा राहिलेला. व्यापारी मागे फोनवर बोलत चालला होता. बांधाजवळ एका वारुळापाशी दाजीबांची पावलं क्षणभर मंदावली. अंकुशनेही ओळखलं. खडक, वारूळ, उताराची दिशा, सगळं जुळत होतं. पाणी इथेच! आता खुंटी निघणार म्हणून तो वाकलासुद्धा. पण म्हातारा पुढे चालू लागला. थेट खालच्या कोपऱ्यात जाऊन त्याने खुंटी ठोकली.

"शेठ, इथे खणा. पाणी बेताचं लागेल, पण तुमचं तुम्हाला पुरेल."

"आणि वरच्या अंगाला?"

"तिथे मी खूण करणार नाही."

व्यापारी चरफडत खुंटी न्याहाळू लागला. चिंचेखाली बसून भाकरी सोडताना अंकुशला राहवेना. "बाबा, खरी जागा का सोडलीत?"

"तो झरा धुरपदाबाईच्या विहिरीचा आहे. वर भोक पडलं की तिचा मळा दोन उन्हाळ्यांत वाळेल."

"पण खणणार तर शेठ! तुम्ही नुसती जागा दाखवणार."

दाजीबा हसले. "लेका, मी दाखवलेल्या जागी पाणी लागलं की लोक माझ्या गळ्यात हार घालतात. तेव्हा म्हणतो का मी, की मी नुसतं दाखवलं, हार यंत्राला घाला? तो हार मी मान वाकवून घेतो. मग दुसऱ्याची विहीर आटली की मान कशी काढून घेऊ? यंत्र आंधळं असतं, खूण असेल तिथे उतरतं. आपल्या हाताला माती लागत नाही म्हणून आपण काही केलंच नाही असं वाटतं. पण या विद्येत खूण करणं हेच काम आहे."

अंकुशने हातातला घास खाली ठेवला. इतकी वर्षं गोळा केलेले सगळे आभार त्याला आठवले आणि त्याला लाज वाटली.

निघताना व्यापाऱ्याने त्याला बाजूला घेतलं. "तुम्ही शिकलेले आहात. वर पाणी आहे का हो? खुंटी नका ठोकू, नुसतं बोट दाखवा. रान माझं, यंत्र माझं, खणणार मी. तुमचा काय संबंध?"

हे शब्द अंकुशने स्वतः कितीदा वापरले होते! दुसऱ्याच्या तोंडून ते आज प्रथमच ऐकू आले.

"बोट माझं आहे, शेठ," तो म्हणाला. "खुंटी खालच्या कोपऱ्यात आहे."

पुढे चालणाऱ्या दाजीबांनी मागे वळून पाहिलं नाही.

वाटेत मकरंदचा फोन आला. "काय, नाव ठरलं का?"

"नाव नको. ती साइट पुन्हा उघडायची नाही."

"अरे, पण आपण तर नुसतं दाखवत होतो!"

"तेच तर काम होतं," अंकुश म्हणाला.

घरी पोचल्यावर त्याने त्या लेखिकेचा जुना ईमेल शोधून काढला. त्याखाली त्याचं स्वतःचं उत्तर होतं. ते त्याने एकदा वाचलं आणि नवीन उत्तर लिहायला घेतलं. पहिली ओळ लिहायला त्याला मुळीच वेळ लागला नाही.

'ताई, तो पत्ता मी सांगितला होता.'