निंगव्वाची काळी कणगी

फार म्हणजे फारच वर्षांपूर्वी, तिकडे चंदगडच्या रानात, कळकवाडीला असा पाऊस लागला की दिवाळी झाली, होळी झाली, तरी थांबेचना! माणसांच्या मिशांवर बुरशी उगवली, असं म्हणतात. मिशांचं जाऊ दे हो, पण निंगव्वा बुरडिणीनं विणलेल्या बांबूच्या कणग्यांवर काळे-हिरवे डाग पडले आणि आतलं भाताचं बियाणं कुजलं. उरलं फक्त एका कणगीपुरतं.

रवळू पाटील भडकला. "हेही गेलं तर पेरायचं काय, तुझ्या टोपल्या? मग उचल कोयता नि सोड गाव!"

निंगव्वा जन्मली तिथंच. जाणार कुठं? घरी येऊन बघते तर सूप, परडी, सगळ्यावर बुरशी. फक्त एक काठी स्वच्छ! खोकल्यावरचा हिरड्याचा काढा ती त्याच काठीनं ढवळायची.

झालं! तिनं ताजे बांबू आठ दिवस ओढ्यात बुडवून त्यांच्यातली गोडी घालवली. बुरशीला गोडच लागतं ना! मग गुळाची लोखंडी काहील मागून आणली, हिरडा आणि कडुनिंब टाकून त्या बांबूंच्या चिरलेल्या कांबी उकळल्या. बाहेर आल्या त्या कोळशासारख्या काळ्या! हिरडा नि लोखंड एकत्र, दुसरं काय होणार? तरी विणली कणगी.

"अगं, ही तर आधीच कुजली!" पाटील ओरडला.

"बोट फिरवून बघा की, पाटीलदादा. काळं लागलं तर माझ्याच तोंडाला फासा."

त्यानं घासघास घासलं. बोट कोरडं, स्वच्छ. मग देवाचं नाव घेऊन बियाणं भरलं.

पाऊस पुढं आणखी चाळीस दिवस पडला. बुरशी कणगीपर्यंत यायची आणि तोंड वाकडं करून परत जायची, असं म्हणतात! मृगाला कणगी उघडली तर दाणे खणखणीत. पेरले, आणि चौथ्या दिवशी हिरवे कोंब वर! पाटील बांधावर मटकन बसला आणि एवढंच म्हणाला, "कोयता ऱ्हाऊ दे गं जागेवर." त्या दिवशी निंगव्वा पोटभर जेवली आणि भरदुपारी घोरत झोपली.

आजही कळकवाडीची पोरगी सासरी निघाली की तिला काळंकुट्ट सूप देतात. सासरचे दचकतात, लग्नात काळं? तर इथल्या बायका हसून म्हणतात, "घ्या हो बिनधास्त, निंगव्वाचं आहे. पोरगी म्हातारी होईल, सूप नाही व्हायचं!"