डावीकडचा केक

घाटाखालच्या एका उष्ण गावात एक केकवाली बाई राहायची. भर उन्हाळ्यातल्या लग्नातही तिच्या केकवरचं क्रीम ढळायचं नाही. एसी गाडीत मागे तिने दोन फळ्या बसवल्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. पुढच्या डॅशबोर्डवरच्या जाळ्यांतून येणारा थंड वारा थेट केकच्या खोक्यांवर जायचा.

एकदा एका ट्रकने गाडीला डावीकडून धडक दिली. गावातल्या नामांकित मिस्त्रीने डॅशबोर्ड उतरवला, पत्रा ठोकला, पुट्टी लावली, रंग मारला. या मिस्त्रीची एक रीत होती. गाडी तयार झाली की तो तिच्यापुढे नारळ फोडायचा. नारळ फुटला की काम संपलं; तीच गाडी पुन्हा उघडणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

पुढच्याच लग्नात डावीकडचा केक क्रीम विरघळून लवंडला. त्याच्या पुढच्या लग्नातही तेच. वधूची आई चारचौघांत म्हणाली, "बाईने क्रीममध्ये काटकसर केली." चाळीस वर्षांचं नाव एका दुपारीत गेलं.

बाई गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेली आणि डावीकडचा केक गार राहत नाही म्हणून सांगितलं.

"एसीचा गॅस कमी झाला असेल," मिस्त्री जागेवरूनच म्हणाला. "भरून देतो."

"गॅस म्हणजे काय प्रसाद आहे, आलेल्याच्या हातावर ठेवायला? आधी तपास तरी."

"ताई, तुम्ही केक करा. गाडीतलं मला कळतं."

"माझी भट्टी एका बाजूने करपवते तेव्हा मी लाकडं बदलत नाही. वाट कुठे अडली ते बघते. चल, एसी लाव."

बाकावर तीन गिऱ्हाइकं बसली होती. मिस्त्रीला उठावंच लागलं.

बाईने पिशवीतून चॉकलेटचं तापमान बघायचा काटा काढला आणि उजव्या जाळीपाशी धरला. नऊ अंश. डावीपाशी धरला. तिथेही नऊ. मग तिने खोक्याला बांधायची फीत काढली. उजवीकडे फीत फडफडली. डावीकडे ती जेमतेम हलली.

"थंडावा दोन्हीकडे सारखाच आहे," ती म्हणाली. "वारा मात्र डावीकडे नावालाच आहे. गॅस काय डावं-उजवं बघून वागतो का? ही नळी आतून तुंबली आहे. उघड."

"नारळ फोडलाय मी या गाडीपुढे."

"फोडलास ना? मग खोबरं तू खा. माझी गाडी उघड."

बाकावरचे हसले. मिस्त्री तोंड पाडून आत वाकला. डावी नळी सोडवून त्याने बोटं घातली आणि तो तसाच थांबला. आत वर्तमानपत्राचा बोळा होता. पुट्टी घासताना धूळ जाऊ नये म्हणून त्यानेच कोंबलेला, तारीखही दुरुस्तीच्याच आठवड्यातली.

त्याचं डोकं डॅशबोर्डखाली होतं. बोळा मुठीत लपला असता. तार सैल होती म्हटलं असतं, तर कुणाला कळलं असतं?

पण त्याचं नाव फक्त बाकावरच्या तिघांसमोर जाणार होतं. तिचं नाव भरल्या मांडवात गेलं होतं.

तो बाहेर आला आणि बोळा सगळ्यांसमोर टपावर ठेवला. "माझी चूक," तो म्हणाला. "काढायचा राहिला."

बाईने फीत पुन्हा डाव्या जाळीपाशी धरली. आता ती उजवीइतकीच फडफडत होती.

त्याच संध्याकाळी मिस्त्री तो बोळा घेऊन वधूच्या आईच्या दारात गेला. "क्रीम चांगलं होतं," तो म्हणाला. "वारा मी अडवला होता." आठवडाभरात वधूच्या आईने थोरल्या मुलीच्या बाळाच्या बारशाचा केक सांगितला, तोही केकवालीच्या घरी स्वतः येऊन.

आणि बाकावरचे तिघे? एकही उठून गेला नाही. त्यातला सर्वांत म्हातारा एवढंच म्हणाला, "माझ्याही गाडीत एकदा फीत धर बाबा."

आजही त्या गॅरेजात नारळ फुटतो. पण आधी दोन्ही जाळ्यांपुढे फीत धरतात, आणि ती गाडीच्या मालकाच्या हातात असते.

तात्पर्य: आपल्या हातून राहिलेला बोळा आपणच बाहेर काढावा, तो लपवला तर कुणाचा तरी निर्दोष केक लवंडत राहतो.